डेबियन इन्स्टॉल करताना कोणत्या खुणा ठेवायच्या, कोणत्या काढायच्या

डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या इन्स्टॉलरमध्ये भाषा, कीबोर्ड, पार्टिशन (डिस्कचे भाग पाडणं) हे सगळं पार पडून बेस सिस्टिम डिस्कवर उतरली की ‘सॉफ्टवेअर सिलेक्शन’ नावाची स्क्रीन येते. डझनभर चौकटी, त्यातल्या तीनवर आधीच खूण, आणि खाली ‘कंटिन्यू’. बरेच जण तिथे एंटर दाबून पुढे जातात. पार्टिशननंतर सगळ्यात जास्त वेळ द्यावा अशी जागा हीच आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हे परीक्षण अख्ख्या डेबियनचं नाही, फक्त या एका स्क्रीनचं आहे.

मी एका संगणक प्रयोगशाळेची देखभाल करते, शिवाय ओळखीच्या लोकांची मशीनही माझ्याकडे येतात. दोन जीबी रॅमचा म्हातारा लॅपटॉप असतो, व्हिडिओ एडिटिंगसाठी घेतलेला नवा डेस्कटॉप असतो, मॉनिटरच न जोडता कोपऱ्यात चालणारा फाइल सर्व्हर असतो. इन्स्टॉलर तिन्हीकडे तोच आणि स्क्रीनही तीच. उत्तर मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं द्यावं लागतं.

आधी या स्क्रीनचं मोठेपण सांगते. डेबियन १३ ‘ट्रिक्सी’ ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलं तेव्हा त्यात ६९,८३० पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) होती. त्यांची यादी नवख्या माणसापुढे टाकली तर तो घाबरून इन्स्टॉलर बंद करेल. डेबियन तसं करत नाही. ‘या मशीनवर तुम्ही काय करणार?’ एवढंच विचारतं. डेस्कटॉप (मेनू, खिडक्या, पॅनेल असलेला चित्रमय पडदा) हवा का, हवा तर कोणता, दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायचं आहे का, वेबसाइट चालवायची आहे का. या प्रश्नांमागे ‘टास्कसेल’ नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. प्रत्येक चौकटीमागे ‘टास्क-एक्सएफसीई-डेस्कटॉप’ अशा नावाचं एक पॅकेज असतं, त्यालाच टास्क म्हणतात. त्याच्या पोटात प्रोग्रॅम नसतो, बाकी कोणकोणती पॅकेजेस आणायची त्याची यादी असते. कामावरून निवड करायला लावणं ही योग्य पद्धत आहे, आणि डेबियन ती इतकी वर्षं टिकवून आहे याचं मला मनापासून कौतुक आहे.

आता खुणांकडे येऊ. सुरुवातीला ‘डेबियन डेस्कटॉप एन्व्हायरन्मेंट’, त्याखालची ‘ग्नोम’ आणि शेवटची ‘स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज’ या तिघांवर खूण असते. ग्नोमच्या खाली एक्सएफसीई, ग्नोम फ्लॅशबॅक, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, मॅटे, एलएक्सडीई आणि एलएक्सक्यूटी अशी वेगवेगळ्या डेस्कटॉपची रांग आहे. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. एक्सएफसीई हवा म्हणून त्यावर खूण केली, पण ग्नोमवरची काढली नाही, तर दोन्ही येतात. उलट ग्नोम नको म्हणून फक्त त्याची खूण काढली आणि सगळ्यात वरची ‘डेबियन डेस्कटॉप एन्व्हायरन्मेंट’ तशीच ठेवली, दुसरा डेस्कटॉपही निवडला नाही, तर सर्वसाधारण पीसीवर शेवटी ग्नोमच बसतो, कारण नुसतं ‘डेस्कटॉप’ म्हटलं की डेबियनच्या लेखी ग्नोम. डेस्कटॉप अजिबात नको असेल तर दोन्ही खुणा काढाव्या लागतात. आणखी एक बारीक गोष्ट: टेक्स्ट इन्स्टॉलरमध्ये खूण करायला किंवा काढायला स्पेसबार लागतो. एंटर म्हणजे थेट पुढे, आणि एकदा पुढे गेलं की डाउनलोड सुरू.

ग्नोम आधीपासून निवडलेला का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. २०१३ च्या अखेरीस टास्कसेलमध्ये तो मान काही काळ एक्सएफसीईला मिळाला होता. २०१४ मध्ये पुन्हा ग्नोमकडे गेला. ग्नोममधली अपंग वापरकर्त्यांसाठीची सोय जास्त पक्की होती, हे त्यातलं एक महत्त्वाचं कारण. स्क्रीन रीडरवर अवलंबून असलेल्या माणसाने काहीही न बदलता एंटर दाबला तरी त्याला वापरता येईल असा डेस्कटॉप मिळायला हवा, हा विचार मला पटतो. म्हणून ग्नोम आधीपासून निवडलेला असण्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याला दुसरं काही हवं आहे त्याने खूण काढायची, एवढंच.

कोणता डेस्कटॉप घ्यावा? डेबियनच्या इन्स्टॉलेशन गाइडमध्ये डेस्कटॉपसाठी किमान १ जीबी रॅम, शिफारस २ जीबी आणि १० जीबी डिस्क असं लिहिलेलं आहे. हे आकडे मशीन सुरू होण्यापुरते समजा. डेस्कटॉप उघडला की पुढचं काम ब्राउझरचं असतं, आणि ब्राउझर सगळीकडे सारखीच रॅम खातो. माझा अनुभव असा की २ जीबीवर एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई घ्यावा आणि टॅब मोजूनच उघडावेत. ४ जीबीवर एक्सएफसीई निवांत चालतो. ८ जीबी आणि एसएसडी असेल तर ग्नोम आणि प्लाझ्मा यांच्यातली निवड आवडीची उरते, ताकदीची नाही. ग्नोम फ्लॅशबॅक मी कुणाला सुचवत नाही. ज्यांना जुन्या ग्नोमची मांडणी हवी असते त्यांना मॅटे जास्त आवडतो. एलएक्सडीई अजून यादीत आहे, चालतोही, पण नव्या मशीनसाठी मी त्याऐवजी एलएक्सक्यूटी घेते. आणि तुमचं जुनं मशीन ३२-बिट असेल तर हा सगळा विचार डेबियन १२ पर्यंतच करा, कारण डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही.

‘ताई, सगळ्याच खुणा करून टाका, नंतर भानगड नको,’ असं प्रयोगशाळेत एका सहकाऱ्यांनी सुचवलं होतं. त्यामागची भावना मी समजू शकते. डिस्क मोठी आहे, इंटरनेट आहे, मग असू दे सगळं. पण डेस्कटॉप म्हणजे नुसतं वॉलपेपर आणि पॅनेल नव्हे. प्रत्येकाबरोबर त्याचा फाइल मॅनेजर, त्याचा टर्मिनल, त्याचा टेक्स्ट एडिटर, त्याचं सेटिंग्जचं दालन येतं. चार डेस्कटॉप घेतले तर मेनूत तीच कामं करणारी चार-चार नावं दिसतात आणि विद्यार्थी विचारतात, ‘मॅडम, यातलं कुठलं उघडू?’ लॉगिन स्क्रीन दाखवणारा प्रोग्रॅमही वेगवेगळा असतो: ग्नोमचा जीडीएम, प्लाझ्माचा एसडीडीएम, एक्सएफसीईचा लाइटडीएम. एकाहून जास्त आले की त्यातला कोणता वापरायचा हे ठरवावं लागतं. आणि अपडेट आलं की जे कुणीच उघडत नाही तेही सगळं डाउनलोड होतं. सहकाऱ्यांना मी एवढंच म्हटलं, ‘सर, एक डेस्कटॉप देते. महिन्याभरात दुसरा लागला तर पाच मिनिटांत टाकून देईन.’ दुसरा कुणी मागितला नाही.

शिवाय नको असलेला डेस्कटॉप नंतर काढणं हे घालण्याइतकं सरळ नाही, आणि हे कारण सगळ्यात महत्त्वाचं आहे. डेबियनच्या पॅकेजमधल्या संबंधांपैकी दोन प्रकार इथे महत्त्वाचे आहेत. ‘डिपेंड्स’ म्हणजे ज्याच्याशिवाय चालणारच नाही. ‘रेकमेंड्स’ म्हणजे नसलं तरी चालेल, पण बहुतेकांना लागेल. इन्स्टॉल करताना अ‍ॅप्ट (पॅकेजेस घालणारा-काढणारा प्रोग्रॅम) दोन्ही आणतो. ‘अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्ह’ जेव्हा साफसफाई करतो तेव्हा तो आपोआप आलेली आणि आता कुणालाच न लागणारी पॅकेजेस काढतो, पण एखाद्या उरलेल्या पॅकेजने शिफारस केलेली असेल तर तेही तो जपून ठेवतो. म्हणून ग्नोम काढला असं वाटलं तरी त्याचे बरेच तुकडे मागे राहतात. ते एकेक करून शोधण्यापेक्षा पहिल्यांदाच न घेणं बरं.

याच शिफारशींमुळे ‘हलका’ डेस्कटॉप निवडला तरी यादी वाटते तितकी हलकी नसते. इन्स्टॉलरमधून एक्सएफसीई घेतला तर त्याच्याबरोबर लिब्रेऑफिस येतं, फायरफॉक्सची दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती येते. घरच्या वापरासाठी हे उत्तम आहे, पहिल्याच दिवशी पत्र लिहिता येतं. पण केवळ एक प्रोग्रॅम दाखवणाऱ्या किऑस्कसाठी किंवा १६ जीबीच्या डिस्कसाठी हे जास्त होतं. आणि या स्क्रीनची खरी उणीव इथेच आहे: प्रत्येक चौकटीमागे काय काय आहे आणि डिस्कवर किती जागा जाईल हे ती दाखवत नाही. नाव दिसतं, खूण करता येते, आत डोकावता येत नाही. इतक्या चांगल्या प्रश्नाला एका ओळीचं स्पष्टीकरण आणि जागेचा अंदाज जोडला असता तर नवख्या माणसाचा निर्णय किती सोपा झाला असता.

याबाबतीत ओपनसुसे या दुसऱ्या लिनक्सचा जुना यास्ट इन्स्टॉलर मला नेहमी आदर्श वाटला. तिथेही सुरुवात कामापासूनच होते, ‘डेस्कटॉप विथ केडीई प्लाझ्मा’, ‘सर्व्हर’ असे रोल निवडायचे. पण नंतर ‘सॉफ्टवेअर’वर गेलं की पॅटर्न दिसतात आणि त्यापुढे ‘डिटेल्स’मध्ये एकेक पॅकेज शोधून घेता-काढता येतं. दोन पॅकेजेसचं जुळत नसेल तर काय काय पर्याय आहेत हेही तो तिथल्या तिथे मांडतो. आता ओपनसुसेच्या लीप १६ या आवृत्तीपासून यास्टच्या जागी आगामा हा नवा इन्स्टॉलर आला आहे, आणि यास्टचा तो बारकावा इतर कुठल्या इन्स्टॉलरमध्ये मला सापडलेला नाही. फेडोराच्या नेटवर्क इन्स्टॉलमध्ये डावीकडे एक बेस एन्व्हायरन्मेंट आणि उजवीकडे त्याच्या जोडीला जास्तीचे गट अशी दोन भागांची छान स्क्रीन आहे. मात्र वर्कस्टेशनची लाइव्ह आवृत्ती घेतली तर हा प्रश्नच येत नाही, कारण तयार सिस्टिम जशीच्या तशी डिस्कवर उतरते. उबुंटूने २३.१० पासून कमी सॉफ्टवेअर हाच नेहमीचा पर्याय केला आणि ऑफिस वगैरे हवं असेल त्याने मोठा पर्याय निवडायचा. ही दिशा मला बरोबर वाटते. आर्चमध्ये तर तुम्ही स्वतःच ‘बेस’, ‘लिनक्स’ आणि ‘लिनक्स-फर्मवेअर’ अशी नावं टाइप करता. त्यात एडिटर नसतो, नेटवर्क मॅनेजरही नसतो, तो विसरला तर रीबूटनंतर इंटरनेट नाही. शिकायला सुंदर, पण दुसऱ्याच्या मशीनवर मी ते करणार नाही. स्लॅकवेअर आपली ‘ए’, ‘एपी’, ‘एक्स’ अशी अक्षरांची मालिका घेऊन उभं असतं आणि एका पॅकेजला दुसरं लागतं का हे तो स्वतः बघत नाही, म्हणून तिथे सगळंच घ्या हाच सल्ला योग्य. बाकी कुठेही तो सल्ला योग्य नाही.

परत डेबियनकडे. ‘स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज’ची खूण मी कधीच काढत नाही. तिच्यात मॅन पेजेस (कमांडची माहितीपानं) वाचायचा प्रोग्रॅम, डब्ल्यूगेट, बॅश-कम्प्लिशन, एलएसओएफ, फाइल, एसएसएच क्लायंट (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर लॉगिन करणारा) अशी रोजची हत्यारं असतात. ती काढून वाचणारी जागा नगण्य आहे आणि नसली की पावलोपावली अडतं. कर्ल, गिट आणि एचटॉप मात्र त्यात नाहीत, ती नंतर स्वतः टाकावी लागतात. ‘वेब सर्व्हर’ म्हणजे अपाची. तुम्हाला एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर हवा असेल तर ती खूण करू नका, नंतर हाताने टाका. ‘एसएसएच सर्व्हर’ची (दुसऱ्या मशीनवरून इथे लॉगिन करू देणारी) चौकट सुरुवातीला रिकामी असते. मॉनिटर नसलेल्या मशीनसाठी ही खूण विसरू नका. घरच्या लॅपटॉपवर ती हवीच असं नाही. बाहेरून उघडणारं एक दार कमी असलं तर बरंच.

या स्क्रीनच्या आधी एक निवड होते जी सॉफ्टवेअरची वाटत नाही, पण आहे. रूटचा (सर्वाधिकारी वापरकर्त्याचा) पासवर्ड विचारला जातो तेव्हा तो रिकामा ठेवला तर इन्स्टॉलर सुडो (रूटचे अधिकार वापरू देणारा प्रोग्रॅम) बसवतो आणि पहिल्या वापरकर्त्याला त्याचा अधिकार देतो. पासवर्ड दिला तर त्या वापरकर्त्याला सुडोचा अधिकार मिळत नाही. मी वैयक्तिक मशीनवर तो रिकामाच ठेवते.

तसंच भाषेचं. सुरुवातीला ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये मराठी निवडली तर मराठीचा टास्क आपोआप जोडला जातो. सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर त्याची वेगळी चौकट दिसत नाही. इंग्रजी निवडून इन्स्टॉल करणाऱ्यांना हे लक्षात येत नाही, आणि मग देवनागरी अक्षरं नीट दिसत नाहीत किंवा टाइप करता येत नाही. अशा वेळी ‘फॉन्ट्स-देवा’ आणि ‘आयबस-एम१७एन’ ही दोन पॅकेजेस नंतर टाकली की वाचणं आणि इन्स्क्रिप्ट किंवा फोनेटिक पद्धतीने टाइप करणं दोन्ही सुरू होतं. मेनू इंग्रजी ठेवून मजकूर मराठीत लिहिणारे आपण बरेच आहोत, त्यामुळे ही दोन नावं लिहून ठेवा.

माझी आवडती पद्धत सगळ्यात कमी खुणांची आहे: ‘स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज’ आणि गरज असेल तर ‘एसएसएच सर्व्हर’. बाकी सगळं कोरं. रीबूट झालं की काळा टर्मिनल येतो, आणि त्या टर्मिनलवरून मला हवं तेवढंच मागवते. जुन्या लॅपटॉपवर मी ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ हा पर्याय देऊन एक्सएफसीई घालते, म्हणजे शिफारशी बाजूला राहतात. पण इथे सावध राहा. ‘एक्सएफसीई४’ हे पॅकेज ‘एक्सऑर्ग’ची फक्त शिफारस करतं, त्याच्यावर अवलंबून नसतं. शिफारशी बंद केल्या की पडद्यावर चित्र काढणारा थरच येत नाही. म्हणून ‘एक्सऑर्ग’, ‘एक्सएफसीई४’, ‘लाइटडीएम’, ‘नेटवर्क-मॅनेजर-ग्नोम’ आणि ‘फायरफॉक्स-ईएसआर’ ही नावं एकत्र द्यावीत. आवाज आणि प्रिंटर यांची व्यवस्थाही हाताने बघावी लागते. डेबियनची ‘रेकमेंड्स’ यादी बहुतेक वेळा विचारपूर्वक केलेली असते, म्हणून पहिल्यांदा डेबियन घालणाऱ्याला मी हा मार्ग सांगत नाही. त्याने एक डेस्कटॉप निवडावा, ग्नोमची खूण आठवणीने तपासावी आणि पुढे जावं. त्यातून शिकायला भरपूर मिळतं.

नेटइन्स्टॉलची छोटी आयएसओ (पेनड्राइव्हवर उतरवायची इन्स्टॉलरची फाइल) वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: तिच्यात फक्त बेस सिस्टिम असते, डेस्कटॉप मिररवरून (डेबियनच्या डाउनलोड सर्व्हरवरून) येतो. नेटवर्क जोडलेलं नसेल तर ही स्क्रीन जवळपास रिकामी दिसते आणि लोकांना वाटतं पेनड्राइव्ह बिघडला. डेबियन १२ पासून वायफायचं फर्मवेअर (कार्ड चालायला लागणारं सॉफ्टवेअर) अधिकृत आयएसओमध्येच असतं, त्यामुळे ही अडचण पूर्वीइतकी येत नाही. तरी केबल असेल तर केबल लावा.

आणि चुकून काही राहिलं तर? सिस्टिम सुरू झाल्यावर टर्मिनलमध्ये ‘सुडो टास्कसेल’ म्हटलं की हीच स्क्रीन पुन्हा उघडते, त्याच चौकटी, आत्ता काय बसलेलं आहे त्याच्या खुणांसह. तिथून नवीन टास्क जोडायला हरकत नाही. बसलेली खूण काढून टास्क काढणं मात्र मी टाळते. त्यात अपेक्षेपेक्षा जास्त पॅकेजेस जाऊ शकतात. काढायचं असेल तर अ‍ॅप्टने काढा, आणि ‘वाय’ दाबण्याआधी तो दाखवतो ती यादी पूर्ण वाचा.

प्रयोगशाळेत तर मला ही स्क्रीन आता दिसतही नाही. सगळी मशीन सारखी हवीत म्हणून मी ‘प्रीसीड’ची, म्हणजे इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली, फाइल ठेवली आहे. तिच्यात टास्कसेलसाठी ‘स्टँडर्ड’ आणि ‘एसएसएच-सर्व्हर’ ही दोन नावं आहेत, आणि ‘पीकेजीसेल/इन्क्लूड’ या ओळीत गिट, कर्ल, एक्सएफसीई, मराठी फॉन्ट अशी माझी स्वतःची यादी. सत्राच्या सुरुवातीला शिक्षक एखादं नवीन सॉफ्टवेअर मागतात, ते मी त्या ओळीत जोडते. जे कुणी वापरत नाही ते तिथून खोडते. या वर्षी दोन नावं खोडली, एक जोडलं.